गोड चालणारं इंजिन

मालाची गाडी यार्डाच्या गेटाशी येऊन थांबायच्या आतच डॉक्टर तिला नावं ठेवायला सुरुवात करायचा. क्लच कसा सोडला बघा, पाय भाड्याने आणलाय जसा काही. आरसा बघा, अर्धं आभाळ दाखवतोय, मागचा रस्ता काय देव बघणार? आणि हा ड्रायव्हर, याच्या बापाने बैल हाकले असते तर बैलांनी राजीनामा दिला असता. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडायचा आणि बाजूला उभा राहायचा. मग डॉक्टर हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा.

बॉनेटवर दोन थापा मारल्या, की गाडी बाहेर जायला मोकळी. एकच थाप पडली, तर मुकाट्याने शेडमध्ये परत. हा काही कुठे लिहिलेला नियम नव्हता, पण डॉक्टर यार्डात असताना, बावीस वर्षं तिथून एकही गाडी डॉक्टरच्या दोन थापांशिवाय रस्त्याला लागली नव्हती. डॉक्टर हे अर्थातच टोपणनाव. शाळेशी त्याचा संबंध सातवीतच संपला होता. तो स्वतःही ड्रायव्हरच, चाळीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला. अव्वल ड्रायव्हर होता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल चांगलं बोलायची वेळ फारशी येणार नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यांचा आणि दिव्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. ज्या गाडीवर तो शिकला, तिचा डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असायचा, टाकी भरलेली असो की कोरडी. तापमानाचा काटा थंडीत चढायचा आणि चढावर उतरायचा. त्या गाडीने त्याला शिकवलं, की काचेमागे ठेवलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये. "दिवे आंधळ्यांसाठी आणि काटे बहिऱ्यांसाठी," तो म्हणायचा. "ज्याला कान आहे, त्याला गाडी स्वतः सांगते काय दुखतंय ते. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्याच्या स्वतःच्या गाडीत ऑइलचा दिवा एकदा वर्षभर विनाकारण लाल जळत राहिला होता. डॉक्टरने त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. पुढे मेकॅनिकने बिघडलेला स्विच बदलला, पण पट्टी तशीच राहिली. मग शेजारच्या हवेच्या दिव्याची पाळी आली. ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत हा दिवा रोज सकाळी पेटलेला असतो, तसा तो असायलाच हवा, पण डॉक्टरला ते खपेना. सकाळी सकाळी डोळे वटारतो म्हणाला, आणि त्याच्यावरही पट्टी लावली. राहता राहिला हवेच्या दाबाचा काटा. त्याच्या गोल काचेवर त्याने मुलीचा फोटो चिकटवला होता. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, हसणारी मुलगी काचेवर अशी बरोब्बर बसली होती की मागे काटा आहे की नाही, हेही कळत नव्हतं.

ती मुलगी आता तीस वर्षांची होती आणि तिने लग्न केलं होतं ते याच यार्डातल्या एका ड्रायव्हरशी. डॉक्टरच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं दुखणं होतं, कारण जावई काटे वाचायचा.

नुसते वाचायचा नाही, मन लावून वाचायचा. सकाळी केबिनमध्ये बसला, की चावी अर्धीच फिरवायचा आणि हात मांडीवर ठेवून सगळे दिवे पेटलेत का ते मोजायचा. एखादा दिवा पेटला नाही, तर गाडी सुरूच करायचा नाही. "जो दिवा आत्ता पेटत नाही, तो वेळेलाही पेटणार नाही," असं त्याचं म्हणणं. मग इंजिन सुरू करून सगळे दिवे विझताना बघायचा, ऑइलचा काटा उठताना बघायचा, हवेचा काटा आठावर जाईपर्यंत थांबायचा. त्यावर पुन्हा इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून, काटा खाली घसरतो का ते बघत बसायचा. एवढं झाल्यावर साबणाच्या पाण्याची बाटली आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन गाडीखाली शिरायचा आणि हवेच्या पाईपच्या प्रत्येक सांध्याला पाणी लावायचा. कुठे हवा गळत असेल तर तिथे फेसाचे बुडबुडे येतात.

"जावईबापूंनी गाडीला आंघोळ घातली का?" डॉक्टर सगळ्यांदेखत विचारायचा. जावयाला तो चुकूनही अरे-तुरे करत नसे. सासऱ्याने जावयाला मान द्यायचा असतो, आणि डॉक्टर तो इतका भरभरून द्यायचा की ऐकणाऱ्याला जावयाची दया यावी. "काट्याला विचारून श्वास घेता का हो, जावईबापू? माझ्या मुलीच्या नशिबी ड्रायव्हर यायचा, तर कारकून आला." जावई पस्तिशीचा, अंगाने दणकट, पण सासऱ्यापुढे मूग गिळून बसायचा. "हो मामा," म्हणायचा आणि ब्रश धुवायचा. डॉक्टरला हे असलं गरीब गायीसारखं वागणं तर अजिबात सोसत नसे. उलट बोलणाऱ्याचा त्याला राग यायचा आणि न बोलणाऱ्याची किळस.

बाकीचे ड्रायव्हरही त्याच्या मते एकजात आळशी होते. गेटवर उभं राहिलं की रस्त्याचं वळण आणि वळणावरचा पेट्रोल पंप दिसायचा. यार्डातून टाकी भरून निघालेली गाडी, डॉक्टरच्या दोन थापा घेऊन निघालेली गाडी, तिनेही पंपावर वळावंच. एकही गाडी सरळ जात नसे. पंधरा-वीस मिनिटांनी निघायची. "चहा ढोसल्याशिवाय यांना रस्ता दिसत नाही," डॉक्टर म्हणायचा. "आमच्या वेळी असं नव्हतं." दोन वर्षं तो हे बघत होता आणि दोन वर्षं हेच म्हणत होता.

आपली स्वतःची गाडी मात्र वर्षागणिक गोड होत चाललीय, हा त्याचा खास अभिमान होता. दहा वर्षांपूर्वी तिच्यात खडखड होती, पट्टा किरकिरायचा, ब्रेक सोडला की फुसकन आवाज यायचा. आता काही नाही. नुसती खालून येणारी घुमघुम, ती सीटमधून पाठीत आणि तळपायातून पोटरीत चढायची. "गाडी म्हातारी होते ती यांच्या हातात," तो म्हणायचा. "माझ्या हातात ती तरुण होते."

घरी मात्र सगळं जगच बिघडत चाललं होतं. लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले होते. टीव्हीवाले तर बातम्या चोरून सांगितल्यासारख्या सांगायचे. बायको हल्ली काही बोलायचं असलं की आधी त्याच्या समोर येऊन उभी राहायची. म्हातारपणी माया वाढते, अशी त्याने समजूत करून घेतली होती. नवा कुकर आणला, त्याला शिट्टीच नव्हती. "गंडवलं तुला दुकानदाराने," तो बायकोला म्हणाला. "शिट्टी न होणारा कुकर घेऊन आलीस." बायको म्हणाली, "असेल," आणि तिसऱ्या शिट्टीला उठून गॅस बंद केला.

त्या वर्षी डॉक्टर साठीला टेकला. साठ पूर्ण झाले की स्टिअरिंग सोडायचं, हा यार्डाचा लिहिलेला नियम होता. त्याची डॉक्टरला फिकीर नव्हती. त्याला गेट हवं होतं. थापा मारायचं काम आता पगारी होणार, तिथे कायमचा माणूस बसणार, अशी कुणकुण होती, आणि तो माणूस आपल्यावाचून दुसरा कोण असणार? गेट मिळालं नाही तर घर होतं. घरी बसणं म्हणजे काय, ते त्याने शेजारच्या रिटायर माणसात पाहिलं होतं. तो माणूस दिवसभर खुर्ची उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवायचा. त्या खुर्चीला डॉक्टर दरीलाही भ्यायला नसेल इतका भ्यायचा.

मालकांनी एक दिवस त्याला ऑफिसात बोलावलं. टेबलामागच्या फळीवर खिळे ठोकून सगळ्या गाड्यांच्या चाव्या टांगलेल्या होत्या. मालक बोलताना डॉक्टरकडे न बघता त्या चाव्यांकडेच बघत होते, आणि नेहमीपेक्षा बरंच मोठ्याने बोलत होते.

"नव्या गाड्या येतायत, डॉक्टर. त्यांच्यात दिवेच दिवे आहेत. गेटवर एक माणूस ठेवायचाय. तो हो म्हणेल तेव्हाच गाडी बाहेर जाईल."

"तो माणूस तुमच्यासमोर उभा आहे, मालक."

"तुमच्या जावयाचंही नाव निघालंय."

डॉक्टर हसला. खरोखरीच त्याला हसू आलं. "त्यांना बसवा आणि गेटाला कुलूप लावा. एकेक गाडी मोजून, धुऊन, पुसून बाहेर पडेपर्यंत माल सडेल."

"तुम्ही दोघं एक फेरी करा," मालक म्हणाले. "भरलेली गाडी घेऊन डोंगर उतरून जा, माल टाका आणि या. वाटेत जरा बोला एकमेकांशी. आलात की ठरवू." आणि डॉक्टर दाराशी गेल्यावर पुन्हा मोठ्याने म्हणाले, "वाटेत बोला, बरं का."

डॉक्टरला एवढंच कळलं, की ही परीक्षा आहे. कारकुनाला शेजारी बसवून त्याला गाडी म्हणजे काय ते दाखवायचं, आणि गेट खिशात घालून परत यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गाडी फरशा भरून उभी होती. जावई आला तो पिशवी घेऊनच, आणि पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर आलेलं.

"मामा, पाच मिनिटं द्या. हवा बघतो."

"हवा दिसते का तुम्हाला?"

"पाणी लावून बघतो."

"जावईबापू, ही गाडी माझी आहे. हिला आंघोळ मी घालतो, तीही रविवारी. बसा वर."

जावई बसला. त्याची नजर डॅशबोर्डवरच्या दोन काळ्या पट्ट्यांवर गेली, मग फोटोवर गेली. बायकोचा लहानपणचा फोटो ओरबाडून काढायचा तरी कसा, आणि तोही सासऱ्यादेखत? डॉक्टरने चावी फिरवली, इंजिन सुरू केलं आणि डोळे मिटून पाठ सीटला टेकवली. "ऐका," तो म्हणाला. "कसं गोड चाललंय." जावयाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

चढावर त्याने आणखी दोनदा तोंड उघडलं. काहीतरी म्हणाला, काय ते डॉक्टरला कळलं नाही. "पुटपुटू नका," डॉक्टर म्हणाला. "बोलायचं तर तोंड उघडून बोला, नाहीतर गप्प बसा." यातला दुसरा मार्ग सोपा होता. जावई गप्प बसला.

डोंगराचा माथा आला. डॉक्टरने गिअर खाली आणला आणि गाडी उताराला घातली. डावीकडे खडक, उजवीकडे कठडा, आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे. पहिलं वळण त्याने असं घेतलं की मागच्या फरशीवरची धूळसुद्धा हलली नसेल. दुसऱ्या वळणावर त्याने जावयाकडे चोरून पाहिलं. जावई सीटच्या टोकावर आला होता आणि फोटोकडे टक लावून बघत होता.

"बायकोची आठवण आली का?" डॉक्टरने विचारलं.

जावई काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले. कपाळावर घाम आला होता, आणि एका हाताने त्याने दाराची कडी धरली होती. डॉक्टरला मनापासून बरं वाटलं. एवढ्याशा उताराला ज्याची गाळण उडते, तो गेटवर बसणार म्हणे. आता याला जरा आणखी घाबरवावं, म्हणून तिसऱ्या वळणाला त्याने ब्रेक मुद्दाम उशिरा दाबला. गाडी मंदावायला हवी तशी मंदावली नाही. फरशांचं वजन, तो मनाशी म्हणाला, आणि पाय आणखी दाबला.

तेवढ्यात जावयाचा पंजा त्याच्या खांद्यावर पडला. जावयाचं तोंड त्याच्या कानाला लागलं आणि त्या गरीब गायीने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यावर आवाज चढवला.

"मामा, बझर वाजतोय! हवा गेलीय!"

ब्रेकमधली हवा कमी झाली, की डॅशबोर्डच्या आत एक बझर वाजतो. त्याचा आवाज चिरका असतो, दातांत शिरणारा. गाढ झोपलेला माणूस उठून बसावा, म्हणूनच तो तसा केलेला असतो. तो दुसऱ्या वळणापासून वाजत होता. त्याच्या शेजारचा लाल दिवा पट्टीखाली जळत होता, काटा एका हसणाऱ्या मुलीच्या मागे खाली खाली चालला होता, आणि यार्डातला सगळ्यात तिखट कान त्या सगळ्याच्या हातभर अंतरावर बसून जावयाच्या घामाची मजा बघत होता.

पुढे जे केलं ते मात्र डॉक्टरने चोख केलं. ब्रेकवरचा पाय उचलला, इंजिनचा जोर लावून गाडी गुरगुरत एकेक गिअर खाली आणली, आणि चौथ्या वळणाच्या आत, खडकाच्या बाजूला जिथे खडीचा ढीग होता, तिकडे तोंड वळवलं. पुढची चाकं खडीत रुतली. तेवढ्यात हवा आणखी उतरली आणि मागचे ब्रेक स्प्रिंगने आपोआप आवळले. गाडी हिसका देऊन तिरकी उभी राहिली. डॉक्टरने चावी फिरवून इंजिन बंद केलं. जावई उडी मारून उतरला आणि त्याने चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग खाली वाकला, हात करून डॉक्टरला बोलावलं आणि मागच्या चाकाजवळचा पाईप दाखवला.

डॉक्टर गाडीखाली पाठीवर सरपटत गेला. हवेची गळती शोधणं हे तर त्याचं डाव्या हाताचं काम. वीस पावलांवरून त्याने गळती सांगितलेली यार्डाला ठाऊक होती. त्याने पाईपजवळ तोंड नेलं. पाईपच्या एका चिरेपाशी धूळ उडत होती. उरलीसुरली हवा तिथून सुटून त्याच्या गालावर लागत होती, चांगली गार आणि जोरात. त्याने कान चिरेला लावला. हवा कानात शिरली, केस हलले. आवाज काहीच आला नाही.

त्याने दुसरा कान लावला.

चाळीस वर्षं ज्या भांडवलावर त्याने जगाला तुच्छ लेखलं, त्याचं दिवाळं कधी निघालं, हेच त्याला आठवेना. पट्टा किरकिरायचा कधी थांबला? ब्रेक फुसकन वाजायचा कधी थांबला? इंजिन गोड झालं ते कधीपासून? मग त्याला कुकर आठवला, आणि बायको "असेल" म्हणाली होती तेही आठवलं.

जावई शेजारी येऊन आडवा झाला होता. त्याने चिरलेला तुकडा कापून काढला, पिशवीतला जोड बसवला आणि दोन्ही टोकं आवळली. त्याचे हात भराभर चालत होते. डॉक्टर ते हात बघत राहिला.

"कधीपासून वाजत होता?" त्याने विचारलं.

जावयाने तोंड त्याच्या कानाजवळ आणलं. "दुसऱ्या वळणापासून."

"मग तेव्हाच ओरडला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतंय."

"माझ्या कानाचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं." जावयाने पान्हा खाली ठेवला. "तरी वाटलं. तुम्ही इतके निवांत होता मामा. मला वाटलं, यांचं काहीतरी गणित असेल. आणि मी ओरडलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता..."

"काय म्हणालो असतो?"

"कारकून."

भरल्या गाडीत, उतारावर, बझर कानठळ्या बसवत असताना, धडधाकट माणूस एका शब्दाला भिऊन दीड वळण तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसला. जावई मूर्ख होताच, यात वाद नाही. पण त्याला तसा घडवायला कुणीतरी रोज सकाळी, सगळ्यांदेखत, आठ वर्षं मेहनत घेतली होती.

"माझा कान गेला, हे अजून कुणाकुणाला माहीत आहे?" डॉक्टरने विचारलं.

जावयाने पान्हा पुन्हा उचलला.

"मालकांना?"

"त्यांनीच सांगितलं होतं, वाटेत मामांना सांग म्हणून. चढावर मी दोनदा सुरुवात केली."

"आणि गेटवर मी ज्या गाड्या सोडतो त्या?"

जावई कानाशी येऊन म्हणाला, "पंपावर थांबतात. मी तिथे साबणाच्या पाण्याची एक बाटली ठेवलीय, गाड्या तपासायला. मी नसलो की ज्याची गाडी तोच बघतो. दोन वर्षं झाली. एक गाडी तुम्ही पास केली होती, ती पुढच्या नाक्यावर बंद पडली, तेव्हापासून."

"म्हणजे माझ्या थापा..."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मामा. सगळ्यांनी ठरवलं होतं."

शिव्या दिल्या असत्या, हसले असते, गेटवरून हाकलून दिलं असतं, तर डॉक्टरने ते सहन केलं असतं. पण ज्यांना त्याने आळशी म्हटलं, कारकून म्हटलं, बैल हाकायच्या लायकीचे नाहीत म्हटलं, ते सगळेच्या सगळे दोन वर्षं रोज त्याच्यापुढे बॉनेट उघडून, माना खाली घालून त्याच्या थापांची वाट बघत उभे राहिले होते, लहान पोराच्या भातुकलीतला चहा मोठ्या माणसांनी पिऊन दाखवावा तसे. त्यांची कीव करायचा हक्क आपला आहे, असं तो समजत होता. कीव उलट्या बाजूने चालली होती.

"मला सांगायचं होतंत," तो म्हणाला.

"कुणी सांगायचं?" जावई म्हणाला. हे तो ओरडून म्हणाला नाही, पण ओठ समोरच होते आणि डॉक्टरला नीट वाचता आले.

जावयाने जोडाला साबणाचं पाणी लावलं. डॉक्टर वर चढून केबिनमध्ये बसला. त्याने नखाने ऑइलच्या दिव्यावरची पट्टी सोलून काढली, मग हवेच्या दिव्यावरची. फोटो निघायला त्रास झाला, एक कोपरा काचेवरच राहिला. फोटो त्याने खिशात ठेवला. मग चावी अर्धी फिरवली आणि हात मांडीवर ठेवून दिवे मोजले. सगळे पेटले होते. हवेचा दिवा लालभडक होता आणि काटा तळाला बसला होता. डॅशबोर्डवर त्याने तळहात टेकवला, तर हाताखाली मुंग्या चालल्यासारखं बारीक काहीतरी थरथरत होतं. म्हणजे हाच तो बझर.

त्याने इंजिन सुरू केलं. घुमघुम पाठीत चढली. पण आज त्याने डोळे मिटले नाहीत. काटा हलला, दोनावर आला, चारावर आला, आणखी थोडा चढला. लाल दिवा विझला.

"थांबला का?" त्याने खिडकीतून विचारलं.

जावयाने मान हलवली.

"माना कसल्या हलवता? तोंड नाही का?"

"थांबला, मामा," जावई ओरडला. "आणि बुडबुडे नाहीत."

"मूर्ख," डॉक्टर म्हणाला. कुणाला, ते जावयाने विचारलं नाही. इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून, काटा खाली येतो का ते बघत डॉक्टर पूर्ण पाच मिनिटं बसून राहिला. मग स्टिअरिंगवरून उठून पलीकडच्या सीटवर सरकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली, तेव्हा मालक गेटपाशीच उभे होते. दोन-तीन ड्रायव्हरही घोटाळत होते, इकडची तिकडची कामं काढून. जावई स्टिअरिंगवर आहे हे बघून ते आणखीनच कामात दंग झाले. डॉक्टर शेजारच्या दाराने खाली उतरला. त्याच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर होता. गेटाच्या खांबाला एक खिळा होता, त्यावर त्याने तो टांगला.

"बोलणं झालं का दोघांचं?" मालकांनी त्याच्या समोर येऊन विचारलं.

"झालं. गेटवर यांना बसवा," डॉक्टर म्हणाला. "अक्कल बेताचीच आहे. बोलायच्या वेळी बोलत नाहीत. पण ऐकू येतं."

एवढं बोलून तो घराच्या वाटेला लागला. मालकांनी मागून हाक मारली. मग आणखी एकदा मारली, मग ड्रायव्हरांपैकी एकाने मारली. डॉक्टर ताठ मानेने चालत राहिला. शेवटी जावई धावत गेला, वळसा घालून त्याच्या पुढ्यात उभा राहिला आणि धापा टाकत ओरडला, "मामा, मालक केव्हापासून हाका मारतायत!"

डॉक्टरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग हाका काय मारता?" तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही, एवढंही माहीत नाही तुम्हाला?"